पत्रकाच्या तळाशी नाव

खंडाळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनच्या एकाच जागेसाठी आम्ही दोघी मैत्रिणी तिच्या स्कूटीवरून मुलाखतीला गेलो. नोकरी तिला मिळाली. येताना ती गात होती आणि मी मागे बसून तिच्या खांद्यावरची पिन बघत होते. ओढणीला एकच पिन, ती दिवसभर हलली नव्हती. मी तीन लावल्या होत्या आणि तिन्ही सुटल्या होत्या.

कुसगावला बंगले भाड्याने देणाऱ्या ऑफिसात आम्ही चार वर्षं शेजारी बसलो. पाहुणे फोनवर तिलाच मागायचे. लोणावळ्याच्या बाजारात तिच्या अब्बांचं भांड्यांचं दुकान आहे, गिऱ्हाईक कसं बोलतं करायचं हे ती तिथे शिकली. मी पत्रकांवर वाढले. वडील तळेगावला कारखान्याच्या गेटवर कामगारांच्या मागण्यांची पत्रकं वाटायचे, घड्या मी घालायचे, पुढे लिहायलाही लागले. मला वाक्यं जमायची, तिला माणसं.

ऑफर लेटर आलं तेव्हा ती म्हणाली, "चौकशीला दोन नंबर दिलेत. एक आपल्या मालकांचा, एक तुझा. नीट बोल हं, लेखिकाबाई. पत्रक वाचून दाखवू नकोस त्यांना!"

हॉटेलच्या बाईंचा फोन आला. मी म्हणाले, "कामाला चांगली आहे. फक्त एका पाहुणीची चेन हरवली होती, तेव्हा तिचं नाव आलं होतं."

नाव आम्हा सगळ्यांचंच आलं होतं, माझंसुद्धा. चेन नंतर पाहुणीच्याच बॅगेत सापडली. हे मी सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर मला सपाटून भूक लागली, तेवढं स्पष्ट आठवतं.

चार दिवसांनी हॉटेलने ऑफर मागे घेतली. जुन्या ठिकाणाहून चांगलं ऐकलं नाही, एवढंच तिला सांगितलं. इकडचा राजीनामा तर तिने देऊन टाकला होता, त्यावरून मालक चिडलेही होते. म्हणून तिला वाटलं, तेच बोलले. आणि ती माझ्याकडे आली.

"तुला कायद्याचं कळतं. चल माझ्याबरोबर वडगावला."

वडगावला कोर्टासमोर एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी ऑफर लेटर दोनदा वाचलं. "चौकशी समाधानकारक झाल्यास, असं यात लिहिलंय. हॉटेलवर दावा टिकणं कठीण आहे. पण त्यांच्याकडे कारण लेखी मागा. खरा दावा बोलणाऱ्यावर होतो. आधी नोटीस द्यायची, की शब्द मागे घ्या आणि हॉटेलला तसं लेखी कळवा. नाही ऐकलं तर अब्रूनुकसानीचा दिवाणी दावा, तोही वर्षाच्या आत. फौजदारी तक्रारही करता येते."

"मालकांना पाठवाच नोटीस."

"पाठवू. पण ते नेमकं काय बोलले? आणि बोलले ते खरं असलं तर?"

"खरं काय असणार, मॅडम? चार वर्षांत ऑफिसचं पेन घरी नेलं नाही मी."

वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. इतकी वर्षं मी अन्याय झालेल्यांची पत्रकं लिहिली, आणि अन्यायसुद्धा हिच्याच वाट्याला आला, वर तो हिला शोभतही होता. मला लाज नंतर वाटली. आधी हेवा वाटला.

नोटिशीच्या मसुद्यात नेमक्या शब्दांसाठी जागा मोकळी सोडली होती. ती म्हणाली, "चौकशी करून तूच भर गं. मला असलं जमत नाही." निदान एवढं तरी हिला जमत नाही, या आनंदात मी तो कागद घरी आणला.

वडिलांनी तो पाहिला. "नोटीस कुनाला?"

"आमच्या मालकांना."

"त्यो बोलला का?"

मी कागदाची घडी घालायला लागले.

"ठावं न्हाई, तर लिवतीस कशी?"

मी लहान असताना एकाने ठेकेदाराविरुद्धचं पत्रक वाटायला आणून दिलं होतं. तळाशी प्रकाशकाचं नाव नव्हतं. वडिलांनी गठ्ठा परत केला. "सोताचं नाव लावायची लाज वाटती, तर दुसऱ्याचं घ्यावं कशाला?" तेव्हापासून घडी घालायच्या आधी मी तळाची ओळ बघायचे. फोनवर मी जे पत्रक वाटलं होतं, त्याला तळच नव्हता.

रविवारी सकाळी मी तिच्या अब्बांच्या दुकानात गेले. मसुद्यातल्या मालकांच्या नावावर काट मारून माझं नाव लिहिलं होतं, मोकळ्या जागेत माझे शब्द, जसेच्या तसे. सोबत हॉटेलला पत्र: हे मी बोलले, अर्धवट बोलले, चेन पाहुणीच्याच बॅगेत सापडली होती. खाली सही, पत्ता, फोन नंबर.

ती काउंटरवर वाचत होती. मध्येच एका मावशींना कुकरचं झाकण हवं होतं. तिने ते काढून दिलं, कागदात गुंडाळलं, मावशींशी हसून बोलली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"हॉटेलचं पत्र मी आत्ताच नेऊन देते," ती म्हणाली.

"आणि नोटीस?"

"ती उद्या वकीलबाईंकडे जाईल. तुझ्या नावाने."

आवाज जराही चढला नाही. तिच्या जागी मी असते तर बाजार गोळा केला असता. तिला हे कसं जमतं, असं तेव्हाही माझ्या मनात आलंच.

अब्बांना दुकान बघायला सांगून तिने स्कूटीची चावी घेतली. मला मागे बस म्हणाली नाही.