पाठवा नाका, पाठवू नका

सांजखेडच्या पोस्टातला तारमास्तर रेवणप्पा म्हणजे तीन बोलींचा तिठा. शेजारच्या वाशीकडून तार यायची ती मोर्सच्या, कट्-कडडच्या बोलीत. ज्या गावाला फोन, तिथं तो ती नळीत बोंबलून सांगायचा, "हॅलो, पिराजी वारला न्हाय हो, पि-रा-जी आ-ला!" जिथं फोनही नाही, तिथली तार सुबक बाळबोध अक्षरांत उतरवून माणसाच्या हाती द्यायचा. धाराशिवला जायची ती पुन्हा कट्-कडड. "पत्ता बघावा, पोटात शिरू नये," हे त्याचं ब्रीद. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी डोळ्यांतून बोटांत उतरायचं. डोक्याला खबर नसायची.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. निजामाच्या वेळच्या जकात नाक्याच्या जागी बौद्ध वस्ती होती, तिला सगळे नाकाच म्हणत. तिथल्या आडात चिखलसुद्धा उरला नव्हता. वस्तीला बोअरची सरकारी गाडी मंजूर झाली, आणि सोसायटीचा चेअरमन वसंतराव, रेवणप्पाचा शाळेपासूनचा दोस्त, तारेचा फॉर्म घेऊन आला.

"नाक्याची गाडी मागवतोय रे. ठोक लवकर, त्या बनाबाईनं डोस्कं खाल्लंय माझं!"

रेवणप्पानं कानानं ते ऐकलं आणि बोटानं फॉर्मवरचं ठोकलं.

आठवड्यानं बोअरची गाडी घरघरली ती वसंतरावच्या मेहुण्याच्या उसात. वस्तीनं चावडीवर जाब विचारला, तर वसंतरावनं छातीवर हात ठेवला.

"म्या लिवलं, 'गाडी पाठवा, नाका'. तिकडं पोचलं, 'गाडी पाठवू नका'. इंग्रजीत नका आन् नाका एकसारखंच लिवत्यात. आन् 'पाठवा'चं 'पाठवू' व्हायला काय लागतं? ए म्हंजी कट्-कडड, यू म्हंजी कट्-कट्-कडड. एक ठिपका! आमच्या रेवणप्पाचं बोट घसरलं. माणूसच हाय, जाऊ द्या. गाडी रिकामी ऱ्हायली, ती मेव्हण्यानं मागून घेतली."

हे ठिपके त्याला रेवणप्पानंच शिकवले होते, हौसेनं, चहाच्या कपावर चमचा वाजवून.

रेवणप्पानं पोस्टात जाऊन जुन्या फॉर्मांचा गठ्ठा सोडला. फॉर्म निघाला. वसंतरावच्या हातचा, ठसठशीत 'यू'. तसाच तो त्याच्या ओसरीवर गेला.

"वस्या, फॉर्म हाय माज्याकडं."

"मग दाखव की!" वसंतराव सुपारी कातरत हसला. "एकाची तार दुसऱ्याला दाखवली, तर घरी कोन बसंल? पोटात शिरू नये, तूच म्हनतूस न्हवं?"

सकाळी बनाबाई खिडकीशी उभी. वस्तीच्या वतीनं तीच सगळीकडं फिरायची.

"मास्तर, येवढंच सांगा. बोट घसरलं का न्हाय?"

'न्हाय' म्हटलं की पुढचा प्रश्न फॉर्मचा. एकोणीस वर्षांची नोकरी रेवणप्पाच्या जिभेवर येऊन बसली.

"दुसऱ्याची तार हाय, बनाबाई. मला बोलता येत न्हाय."

"म्हंजी घसरलं. नायतर घसरलं न्हाय, आन् तुमी बी त्यांच्यातलेच." तिनं पदर खोचला. "आमी म्हनत हुतो, मास्तरचा हात म्हंजी देवाचा तराजू. वाशीत बी पोस्ट हाय."

आणि ती भर उन्हात वाशीची वाट चालू लागली.

तिसऱ्या प्रहरी यंत्र वाजलं. वाशीची तार, धाराशिवला पुढं धाडायची. 'नाक्याला पाणी नाही. गाडी पाठवा.' 'पाठवा'तला शेवटचा ए स्वच्छ होता: कट्-कडड. रेवणप्पा लिहीत गेला. यंत्र थांबलं नाही.

'सांजखेडच्या मास्तरनं अक्षर बदलू नये. बनाबाई.'

वाशीच्या मास्तरचा खासगी शेरा असता तर गिळता आला असता. ही ओळ तारेतच होती.

त्यानं धाराशिवची लाइन घेतली. एकेक शब्द कळत होता, आणि एकेक शब्द त्यानं ठोकला. पलीकडून बाबूनं विचारलं, "शेवटची ओळ पुन्हा."

रेवणप्पानं बोट पुसलं आणि ती ओळ पुन्हा ठोकली, अक्षर न अक्षर.