तीन केबिनी आणि काकूंची लाइन

आमच्या घरात फोनवर इंग्रजी बोलायची वेळ आली की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. मी बावधनची, लग्न होऊन मुळशीत आले. हिंजवडीतल्या एका कंपनीचं काम मी घरूनच करते. दिवसभर कानाला हेडफोन लावून ही बाई कुणाशी तरी इंग्रजीत भांडते, एवढं सगळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे क्रूझचं ठरलं तेव्हा बाकीची उस्तवार आपसूक माझ्या गळ्यात पडली.

क्रूझ ठरवली नवऱ्यानं. धरणाच्या कडेला, भातखाचरांच्या वरच्या अंगाला आमच्या चार खोल्या आहेत. शनिवार-रविवार त्या पुण्याच्या पाहुण्यांना भाड्यानं जातात. पाहुण्यांचं स्वागत माझे सासरे करतात, त्यांना सगळं घर दादा म्हणतं. त्यांचे धाकटे भाऊ तात्या बाकीची धावपळ करतात, आणि सासूबाई व काकू चुलीवरचं जेवण रांधतात. वर्षानुवर्षं या चौघांनी दुसऱ्यांच्या सुट्ट्या साजऱ्या केल्या, स्वतः कुठे म्हणून गेले नाहीत. त्या वर्षी भाताची झोडणी उरकली आणि नवऱ्यानं एकदम मुंबई-गोवा जहाजाचं बुकिंग करूनच टाकलं. माणसं सात. दादा आणि सासूबाई, तात्या आणि काकू, आम्ही दोघं आणि आमची लेक. केबिनी तीन.

"तीन कशाला?" दादांनी विचारलं.

"एका केबिनीत सात जण मावत न्हाईत, दादा," नवरा म्हणाला.

"लग्नाला गेल्यावर मावतो की."

हे बोलणं ओट्यावर चाललं होतं आणि शेजारच्या मावशी दूध न्यायला आल्या होत्या. त्यांनी "वेगळ्या खोल्या" एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दादा आणि तात्या वेगळे झाल्याची बातमी गावभर झाली. संध्याकाळी महाळुंग्याच्या एका लांबच्या पाहुण्यांचा फोन आला. जमीन विकल्यावर त्यांच्या घरात तीन भावांच्या तीन चुली झाल्या होत्या, त्यामुळे या विषयातला आपला अधिकार मोठा असं त्यांना वाटे.

"वाईट झालं," ते दादांना म्हणाले. "पर आता झालंच हाय तर रीतसर करा. वकील आपल्या वळखीचा हाय."

"आवो, जहाजात वेगळं हाये आमी!" दादा ओरडले.

पलीकडून आवाज खाली आला. "जहाज बी घेतलं व्हय?"

त्या फोननंतर दादांनी जाहीर केलं की जहाजावर सातही जण एकत्र चढतील. एक पुढे एक मागे असं चालायचं नाही, लोकांना बोलायला निमित्त नको. नेमकं त्याच आठवड्यात मला कळलं की तीनपैकी एका केबिनीला बाल्कनी आहे, आणि बाल्कनीवाल्यांना प्रायॉरिटी बोर्डिंग मिळतं. म्हणजे त्यांची लाइन वेगळी आणि चढणं आधी. ही केबिन आम्ही दादा-सासूबाईंसाठी घेतली होती, कारण सासूबाईंचा गुडघा दुखतो आणि त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.

"म्हंजी मी पुढं जानार आन माझा भाऊ मागं हुबा ऱ्हानार?" दादा म्हणाले. "तात्या, बाल्कनी तू घे."

"मी न्हाई. तुमी थोरलं."

"म्हनून तर सांगतोय, तू घे."

"तुमी सांगताय म्हनून तर न्हाई घेत."

दोघं असे दोन दिवस एकमेकांना बाल्कनी देत होते. शेवटी मी म्हटलं, थांबा, तिन्ही केबिनींना प्रायॉरिटी मिळते का ते विचारते. आमच्याकडे फोनची रेंज फक्त गोठ्याच्या मागच्या उंचवट्यावर नीट येते. मी तिथे गेले तर चहा टाकायला थांबलेल्या काकू सोडून सगळं घर माझ्यामागे आलं. मी स्पीकर लावला.

क्रूझ कंपनीच्या हेल्पलाइनवर एक मुलगी होती. ती हिंदी आणि इंग्रजी मिसळून फार गोड बोलत होती. म्हणाली, "मॅम, प्रायॉरिटी केबिन को मिलती है, फॅमिली को नहीं."

मी इंग्रजीत समजावलं की आम्ही एकच कुटुंब आहोत. ती म्हणाली, सिस्टिममध्ये तीन वेगळी बुकिंग दिसतात. दादांना शब्द कळले नाहीत, पण "तीन" कळलं. त्यांनी मोबाइलजवळ तोंड नेलं. "बाई, आमची चूल एक हाय!"

"सॉरी सर?"

आता हे हिंदीत कसं सांगावं, मला सुचेना. तेवढ्यात तात्या पुढे झाले आणि आमच्या खोल्यांवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला विचारतात तेच त्यांनी तिला विचारलं, "जेवलीस का गं, बाळा?"

मग आवाज बदलून ती म्हणाली, "नाही हो काका. आज लई कॉल आहेत."

तिथून पुढे सगळं मराठीत झालं. मुलगी कराडकडची निघाली. तिनं सांगितलं की तिन्ही बुकिंग एकमेकांना जोडता येतात, आणि बाकीच्या दोन केबिनींना प्रायॉरिटी वेगळी मागून घेता येते. फक्त सगळ्यांचा म्हणून एक लीडर लागेल. बंदरावर त्याच माणसानं पुढे व्हायचं आणि सगळ्यांची हजेरी द्यायची.

"तात्याचं नाव टाक," दादा म्हणाले.

"दादांचं टाक," तात्या म्हणाले.

झालं, पुन्हा सुरू. ती बिचारी म्हणाली, "काका, माझा कॉल फार लांबतोय, कुणाचं तरी एक सांगा ना." त्याच वेळी काकू खालून चहाचा तांब्या आणि कप घेऊन चढत होत्या. त्यांना काय चाललंय याचा पत्ता नव्हता. "माझं टाका," त्या म्हणाल्या, "च्या थंड व्हायला लागलाय."

आणि काकूंचं नाव लागलं.

काकू तोवर घरात कधी कशाच्या पुढे नव्हत्या. कार्यक्रमात फोटो काढायची वेळ झाली की त्या भांडी घासायला जायच्या. पण लीडर झाल्या आणि त्यांनी ते अंगावर घेतलं. बॅगांना लावायच्या कागदी पट्ट्या मी छापून आणल्या, त्या निसटतील म्हणून काकूंनी दाभण घेऊन पोत्याच्या सुतळीनं बॅगांवर शिवून टाकल्या. माझ्या लेकीची गुलाबी चाकाची बॅग खताच्या गोणीसारखी दिसायला लागली. घरचा डबा जहाजात चालत नाही, असं मी सांगितल्यावर सासूबाई हिरमुसल्या. काकू म्हणाल्या, "आक्का, तुमी भाकरी करा. जहाजाच्या दारात संपवू."

तशी संपवलीही. निघायच्या दिवशी आम्ही भाड्याची मोठी गाडी करून उजाडताच पौडवरून निघालो. चांदणी चौकात गर्दी व्हायच्या आत पुढं सरकायचं ही काकूंची आज्ञा. मुंबईच्या बंदरावर पोचलो तेव्हा दरवाजेसुद्धा उघडले नव्हते. पार्किंगमध्ये चादर अंथरून आम्ही भाकरी, ठेचा आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. दोन सुरक्षारक्षक वासानं आले आणि बोंबील खाऊन गेले.

दरवाजे उघडले आणि आत दोन लाइनी दिसल्या. एकीवर प्रायॉरिटीचा जांभळा फलक, दुसरी साधी. आम्ही जांभळ्या फलकाकडे वळलो आणि थबकलो. कुणाचं तरी लग्न जहाजावर होतं. सगळं वऱ्हाड प्रायॉरिटीचं. नवरदेवाचे मित्र, मामा, फुलांच्या पेट्या, ढोलवाले, सगळे त्याच लाइनीत. ती लाइन तीन वळणं घेऊन पार टोकाच्या पंख्याखालपर्यंत गेली होती. साध्या लाइनीत एक जोडपं आणि एक झोपाळू गृहस्थ.

"काकू," नवरा हळूच म्हणाला, "साध्यातनं जाऊ. रिकामी हाय ती."

"न्हाई," काकू म्हणाल्या. "आपली लाइन ही हाय."

"पर ती लवकर सरकंल."

"सरकू दे. एवढं फोन केलं, ते साध्या लाइनीत हुबं ऱ्हायला व्हय?"

आम्ही वऱ्हाडाच्या मागे उभे राहिलो. सासूबाईंना वऱ्हाडातल्या एका बाईंनी प्लास्टिकची खुर्ची मिळवून दिली. लाइन सरकली की सासूबाई उठायच्या, तात्या खुर्ची पुढे ठेवायचे, की त्या परत बसायच्या. आमच्या घरातली सगळ्यात आरामात बसलेली व्यक्ती तीच होती. थोड्या वेळात त्यांना नवरीच्या आत्याचं सगळं दुखणं-खुपणं माहीत झालं.

दादा मात्र अस्वस्थ होते. पार्किंगमध्ये त्यांनी ताकाचे दोन पेले रिचवले होते. एका पायावरून दुसऱ्या पायावर असं बराच वेळ केल्यावर ते म्हणाले, "मी जरा इचारून येतो," आणि साध्या लाइनीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मुलाकडे गेले. संडास आतमध्ये, तपासणीच्या पलीकडे होता. पुढचं संभाषण माझ्या लेकीनं ऐकलं, ती त्यांच्याबरोबर चार पावलं गेली होती.

"अंकल, प्रायॉरिटी?" त्या मुलानं विचारलं.

"लई प्रायॉरिटी हाय," दादा कळवळून म्हणाले.

त्यानं त्यांना आत सोडलं.

आम्ही वाट बघत राहिलो. काकूंनी माणसं मोजली, सहा. परत मोजली, सहाच. तात्यांचा चेहरा उतरला. शेवटी फोन लावला, तो स्पीकरवर.

"कुटं हाये तुमी?" काकूंनी विचारलं. एरवी काकू दादांसमोर मोठ्यानं बोलतसुद्धा नाहीत.

"जहाजावर," दादा म्हणाले.

"एकलं?"

"आता काय करू? संडासातनं भायेर आलो, म्हनलं मागं जातो. तर त्यांनी मागं जाऊ दीना. पुढं चला, पुढं चला. खिशातला कागूद बघितला, फोटू काढला, हातात कारड दिलं आन पुढं ढकललं. हितं लई थंड हाय."

एकत्रच चढायचं म्हणून ज्यांनी गाव डोक्यावर घेतलं होतं, ते आमच्यातले एकटेच जहाजावर होते. मग तात्यांना हसू फुटलं. ते असे हसले की ढोलवाले वळून बघायला लागले. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "लग्नात बी ह्येंनी असंच केलं हुतं. मला मांडवात ठिवून पंगतीला जाऊन बसलं."

काकू हसल्या नाहीत. त्यांची हजेरी चुकली होती. खिडकीशी पोचल्यावर तिथल्या बाईनं "सेव्हन गेस्ट्स?" विचारलं, तेव्हा काकूंनी छाती पुढे काढून सांगितलं, "सा हितं. येक पळून ग्येला."

जहाजाच्या दारात पोचलो तर तिथे वेगळाच प्रकार. आम्ही येईपर्यंत दारातून हलायचं नाही, असं दादांनी ठरवलं होतं. कर्मचाऱ्यांनी त्यांना हातात सरबताचा ग्लास देऊन आत जायला सांगून पाहिलं. दादा जागचे हलले नाहीत. पण नुसतं उभं तरी कसं राहणार? समोरून पाहुणे येताहेत म्हटल्यावर त्यांच्या अंगातली सवय जागी झाली. वऱ्हाडातल्या प्रत्येकाला ते हात जोडून म्हणत होते, "या या! परवास कसा झाला? रस्ता घावला का नीट?"

त्यांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता, दारातल्या कर्मचाऱ्यांचे गणवेशही पांढरेच. लोकांना वाटलं, हे इथलेच कुणीतरी वरिष्ठ. आम्ही पोचलो तेव्हा दादांच्या एका खांद्यावर कुणाचा तरी लॅपटॉप, हातात फुलांची पेटी आणि बगलेत नवरदेवाचा फेटा होता. एक मामा त्यांना विचारत होते की मांडव कितव्या मजल्यावर आहे. दादा म्हणाले, "वरच हाय. जेवून घ्या आदी." एवढ्या वेळात जेवण कुठे लावलंय हेही त्यांनी विचारून ठेवलं होतं.

तात्यांनी भावाला पाहिलं आणि त्यांच्या खांद्यावरचा लॅपटॉप स्वतःच्या खांद्यावर घेतला. मग दोघं मिळून "या या" करायला लागले. माझा नवरा कपाळाला हात लावून बाजूला उभा. आम्हाला त्या दोघांना आत न्यायला पंधरा-वीस पाहुणे जाऊ द्यावे लागले.

बाल्कनीचा प्रश्न तसाच होता. दोघा भावांनी केबिनीच्या दारात उभं राहून पुन्हा "तू घे", "तुमी घ्या" सुरू केलं. सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवत आत पाऊल टाकलं, काकूंना हाताला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला. दादा आणि तात्या राहिले बाहेर. मग ते दोघं गुमान तात्यांच्या केबिनीत गेले. ती आतल्या बाजूची होती, तिला खिडकीच नव्हती.

सकाळी मी लेकीला घेऊन बाल्कनीच्या केबिनीत गेले. दोघी जावा कठड्यावर पाय टाकून खुर्च्यांत बसल्या होत्या. समोर समुद्र आणि लांबवर मासेमारीच्या दोन होड्या. सासूबाई काकूंना सांगत होत्या की आपल्या धरणापेक्षा हे पाणी जास्त गढूळ आहे. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"कोन हाय?" काकूंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"आमी हाये," दादांचा आवाज आला. "आवो, उजाडलं का बगा. आमच्याकडं काय कळंना झालंय. तात्या म्हनतोय रात हाय, मला वाटतंय दुपार झाली."

काकूंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी नकाराची मान हलवली.

"आमच्याकडं उजाडलंय," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडचं तुमी बगा."

बाहेर बराच वेळ दोघा भावांची कुजबुज चालली होती. मी दार उघडायला उठले, तर सासूबाईंनी माझा हात धरला आणि मला खाली बसवलं.