समुद्राच्या बांधावरचे दाजी

समुद्रालाही बांध असतो आणि तो कोरला तर शेजाऱ्याची चूल विझते, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या आक्काच्या वाट्याला आला. हे आमचे दाजी. गाव निलंग्याजवळ, घरची जमीन, घरात अंडंसुद्धा कधी न शिजलेलं, पोहणं विहिरीत दोर धरून डुंबण्यापुरतं. आणि नोकरी कुठं, तर कोकणातल्या एका बंदरावर, मासेमारीचे परवाने आणि हद्दी सांभाळणाऱ्या साहेबाची. हा योग कसा जुळला असं विचारलं की दाजी गंभीरपणे सांगतात, "जनावराच्या डॉक्टरकीला नंबर लागला न्हाई, माशाच्या कॉलेजला लागला." आमच्या उदगीरला मत्स्यविज्ञान शिकायची सोय आहे, समुद्राची तेवढी नाही. त्यामुळं दाजींनी परीक्षा आधी दिली आणि समुद्राशी ओळख नंतर करून घेतली. नोकरीच्या पहिल्या दिवशी धक्क्यावर उभं राहून त्यांनी ते अफाट पाणी पाहिलं आणि बरोबरच्या शिपायाला विचारलं, "ह्याची मोजणी कुणी केली? खुणा कुठं हायेत?" शिपाई अजून ही गोष्ट सांगून चहा मिळवतो.

आता तिथला कायदा असा, की किनाऱ्यालगतचं पाणी छोट्या होडीवाल्यांचं. मोठ्या ट्रॉलरनी त्याच्या बाहेर जाऊन जाळी ओढायची, कारण काठाजवळ माशांची वीण होते आणि होडीवाला काही फार लांब जाऊ शकत नाही. दुसरे अधिकारी हे कलमं आणि सागरी मैल सांगून समजावतात. दाजींनी ते सगळं निलंग्याच्या भाषेत बसवून घेतलं. हद्दीच्या आत आलेला पहिला ट्रॉलर त्यांनी धरला, तेव्हा कागद काढायच्या आधी ते त्याच्या तांडेलासमोर, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशासमोर, मांडी घालून बसले आणि म्हणाले, "तुमच्या शेजाऱ्यानं दरसाल नांगराचं एक तास तुमच्या रानात घातलं, तर तुम्ही काय कराल?" तांडेल चवताळून म्हणाला, "कोर्टात खेचीन!" त्याचा म्हणे सख्ख्या चुलत्याशी एका फणसाच्या झाडावरून दावा चालूच होता. "मग ही बांधकोरी न्हाई तर काय हाय?" असं म्हणून दाजींनी बोट जप्त केली. तांडेलानं निमूटपणे सही केली आणि जाता जाता फणसाच्या दाव्यात सल्लाही विचारला.

बांध हा शब्द दाजींच्या डोक्यात असा रुतला आहे की तो घरीही निघत नाही. ताटातलं वरण भाजीत गेलं की ते ताट थोडं कलतं करून म्हणतात, "अतिक्रमण झालं." एसटीत तिघांच्या बाकावर ते मधे बसले की दोन्ही बाजूंना हाताची रेघ ओढतात आणि कंडक्टरला साक्षीदार धरतात. माझ्या लग्नाच्या पंगतीत नवरीकडच्या एका मामांचं आसन आमच्या बाजूला सरकलं, तर दाजींनी सगळ्यांदेखत त्यांना उठवून आसन मागं घ्यायला लावलं. ते मामा आजही मला सणाला फोन करत नाहीत. मासा मात्र दाजींनी जन्मात चाखला नाही. रजेवर आले की माझ्या दुकानाशेजारचे शिलाईवाले चाचा आशेनं विचारतात, "दाजी, सुरमई लाये क्या?" आणि दाजी पिशवीतून आमसुलांची पुडी काढून देतात. चाचा ती घेतात, सुस्कारा टाकतात आणि म्हणतात, "जिसके घर में दरया, वो इमली खिलाता."

गंमत अशी की या साऱ्या शौर्याचा घरी काडीचाही उपयोग नव्हता. पावसाळ्यात समुद्रात मासेमारी बंद असते, तेव्हा दाजींना रजा मिळे, आणि आमच्याकडं नेमकी पेरणीची घाई असे. दाजी रानात जात आणि बघत, तर चुलत भावानं सामाईक बांध आणखी थोडा खाल्लेला. दरसाल खाल्लेला. ट्रॉलरमालकांना घाम फोडणारा हा माणूस भावापुढं जाऊन म्हणे, "तब्येत बरी हाय ना?" आणि चहा पिऊन परत येई. आक्का कपाळावर हात मारून घेई. "दर्याचा बांध राखायला हे, आन् घरचा बांध गेला चोरीला!" मग दाजी हळूच म्हणत, "घरचाच माणूस हाय, जाऊ दे." आक्का एकटी शेत बघे, गडी लावी, भावकीशी भांडे. तिची एकच मागणी होती: लातूरला बदली घ्या आणि घरी या. त्यासाठी दाजी दरसाल अर्ज करत आणि दरसाल तो कुठंतरी विरून जाई.

परवाच्या उन्हाळ्यात बदली खरोखर झाली. लातूर! आक्कानं घर रंगवून घेतलं, अंगणात खाट टाकली, मला फोनवर चार वेळा तेच सांगितलं. आठवडे गेले, दाजी काही येईनात. फोन केला की म्हणत, "आवराआवर करायलोय." शेवटी आक्कानं मला फर्मान सोडलं, "जा आन् घिऊन ये. हात धरून आण."

गेलो. बंदरावर पोचलो तेव्हा दाजी गस्तीच्या बोटीवर चढत होते. एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात प्लास्टिकची बादली. बादली कशाला ते बोट हलल्यावर कळलं. इतकी वर्षं झाली, तरी बोट लागणं काही सुटलं नव्हतं. बोटीवरचा म्हातारा खलाशी शांतपणे वाट बघत होता. "झाली मां एकदाची, सायबानू? मगे जाऊया," असं म्हणून त्यानं वेग वाढवला. थोड्या वेळानं ती बादली माझ्याकडं आली आणि आमचं नातं जास्तच घट्ट झालं. वाटेत छोट्या होड्या भेटत होत्या. होडीवाले हात उंचावत होते, एकानं तर चमकत्या माशांची टोपली उचलून दाखवली. दाजींचा चेहरा असा फुलला, जणू त्यांच्याच रानात ज्वारी आली असावी. "बघा, काठाला मासा परत आलाय," ते म्हणाले. "लई वर्षांनी. माझ्या जागी अजून कुणाला दिलं न्हाई. मी गेलो की हे ट्रॉलरवाले पार वाळूपर्यंत नांगरून टाकतील." मी विचारलं, "आन् आक्काला काय सांगू?" दाजी पाण्याकडं बघत राहिले. "मीच सांगतो," म्हणाले. त्या क्षणी मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

दाजी माझ्याबरोबर निलंग्याला आले. संध्याकाळभर खाटेवर बसून रंगवलेल्या भिंतींचं कौतुक करत राहिले. मुद्द्याचं तोंडातून निघेना. सकाळी आक्का त्यांना रानात घेऊन गेली, मीही मागं गेलो. पायवाटेएवढ्या उरलेल्या त्या बांधावर उभं राहून दाजींनी सगळं सांगितलं, होड्या, टोपली, रिकामी राहणारी खुर्ची. बदली रद्द करून घ्यावी म्हणतो, असंही सांगितलं. आक्का खाली बघून ढेकळं पायानं फोडत होती. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली.

"तिथं तुमच्या जागी कुणी न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"हितं मी हाय. जावा तुम्ही."

दुपारच्या एसटीनं दाजी निघाले. आक्कानं दशम्या बांधून दिल्या, बस दिसेनाशी होईपर्यंत फाट्यावर थांबली. दाजींच्या नोकरीची इतकी वर्षं झाली, पण शेत सोडून ती एकदाही तिकडं गेली नव्हती. परत येताना ती एकदम म्हणाली, "तू बोटीत बसला होतास न्हवं? तिथनं ह्यांना काठ दिसतो का रे, का नुसतं पाणीच?"

"दिसतो आक्का," मी म्हणालो. "सारखा दिसतो."

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि पदर खोचून रानाकडं वळली.