बोटं किती?

"सांगा पावणं, बोटं किती?" डावा पंजा पसरून आमचे ड्रायव्हर दादा विचारायचे. मोतीबिंदू लपवू पाहणारा माणूस बिनधास्त ठोकून द्यायचा, "पाच." मग हे समाधानानं म्हणायचे, "चारच हायत. चला, बसा गाडीत." पाचवं कबनूरच्या यंत्रमागात गेलं होतं.

कोल्हापूरच्या एका दवाखान्याकडून आम्ही गावोगाव डोळ्यांची शिबिरं घ्यायचो. मी चष्म्याचे नंबर काढायचो. दादा गाडी चालवायचे आणि पेशंट गोळा करायचे. ऑपरेशन फुकट, जेवण फुकट, घरापर्यंत सोडणंही फुकट. तरी माणसं पळायची. फुकट म्हटलं की लोकांना आधी संशय येतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

गडहिंग्लजकडच्या एका गावात एक म्हातारी दोन वर्षं दाराच्या पायरीवर बसून होती. दिसत नव्हतं, म्हणून बोलणंही सोडलं होतं.

"आता कशाला? सगळं बघून झालंय माझं," ती म्हणाली.

दादा तिच्याशेजारी पायरीवर टेकले. "माझी आईबी असंच म्हणाली हुती. मी तिचं ऐकलं. आंधळीच गेली."

 म्हातारीनं हात पुढं केला. "उठीव मला."

पट्टी सुटल्यावर तिनं आधी यांनाच न्याहाळलं. "एवढा काळा हायस व्हय? आवाजावरनं गोरा वाटला हुतास की!"

आठवड्याभरात तिच्या सुनेचा फोन आला. "दादा, डोळं परत झाकता येत्यात का? सकाळधरनं नुसत्या चुका काढत्यात. भांडी कळकट, भाकरी करपल्याली..."

यांनी फोन माझ्या कानाला लावला. मागून म्हातारीचा खणखणीत आवाज येत होता.

"भांडाय लागली म्हंजे बरी झाली," ते म्हणाले आणि गाडीची स्वच्छ काच उगाचच पुसत राहिले.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली आणि तासाभरात ते गेले. पुढच्या शिबिरासाठी आम्ही कर्णा लावून गावभर पुकारा केला. माणसं आली, ती गुडघेदुखीच्या गोळ्या मागायला.

दुपारी एक रिक्षा थांबली. तीच सून उतरली, दोन हातांनी गावातल्या दोन आंधळ्या म्हाताऱ्यांना धरून.

"दादा न्हाईत. मग ह्यांना कोण आणणार?"

मी हात द्यायला पुढं झालो. तेवढ्यात रिक्षातून सासू ओरडली, "अगं, नीट धर की त्यांना! तुला काय दिसत न्हाय व्हय?"