शून्यावरचा ठिपका

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मद्रासच्या एका प्रयोगशाळेनं आम्हा तिघांना चुंबकीय पदार्थांवरचं काम शिकायला घेतलं होतं. दोन मुलगे आणि मी. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, घरी स्पष्टच सांगितलं होतं : तिथल्या सरांनी आपणहून म्हटलं की हिला पुढं शिकवा, तर एम.एस्सी.; नाहीतर ऑगस्टात, आवणी महिना लागला की, कुंभकोणमच्या स्थळाशी लग्न. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती, त्याला मी पाहिलंही नव्हतं. मला शिकायचं होतं, एवढंच.

काम असं होतं. रेडिओत असते तसल्या एका काळ्या कांडीभोवती तारेचं वेटोळं. त्यातून विजेचा प्रवाह हळूहळू वाढवायचा, मग उतरवायचा आणि कांडी किती चुंबक झाली ते मोजायचं. शेजारी रेशमाच्या धाग्याला इवलीशी चुंबकसुई टांगलेली, तिला आरसा चिकटवलेला. सुई जराशी वळली की आरशावरून उमटलेला प्रकाशाचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर सरकायचा. एकदा सुरू केलं की मधेच मागं यायला मनाई होती, कारण कांडीच्या अंगी आधीचं सगळं मुरलेलं असतं. मागं आलात की पहिल्यापासून सुरुवात.

खोलीत जाण्याआधी घड्याळ, किल्ल्या, पट्टा, केसांचे आकडे, सगळं दाराबाहेरच्या लाकडी तबकात ठेवायचं. मी तर दावणीची, म्हणजे परकर-पोलक्यावरच्या अर्ध्या साडीची, सेफ्टीपिनही काढून ठेवायची आणि दिवसभर खांद्यावरचा पदर सावरत बसायची. मुलांना त्याचं हसू यायचं. येऊ दे म्हटलं.

पहिल्या आठवड्यात माझे आकडे सगळ्यांत चांगले आले. सर म्हणाले, "हात स्थिर आहे तुझा." हे मी आईला सांगितलं आणि आईनं वेस्ट मांबलमच्या आमच्या अख्ख्या गल्लीला. शेजारच्या मामी तेवढ्यावरून म्हणाल्या, "वयात आलेली हुशार पोर, रोज मुलांबरोबर अंधाऱ्या खोलीत बसते. लोकांचे डोळे वाईट असतात हो." आई त्या संध्याकाळी सुईदोरा घेऊन बसली. मी लक्ष दिलं नाही.

त्यानंतर माझे आकडे बिघडले. मी बसले की ठिपका शून्यावर थांबेना. तोच प्रयोग मुलांनी केला की चोख. मी पुन्हा केला की वेडावाकडा. एकानं तर सगळ्यांदेखत म्हटलं, "हिच्यातच चुंबक आहे, सर." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. शेवटी सरांनी बजावलं, "उद्या माझ्यासमोर कर. नाही जमलं तर उरलेले दिवस ग्रंथालयात बस." ग्रंथालय म्हणजे आवणी, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी सर पाठीशी उभे होते. पंख्याच्या वाऱ्यानं धागा हलतो म्हणून पंखा बंद. घामानं हात ओले झाले होते. मी बसले, आणि ठिपका सरकला. प्रवाह सुरूच केला नव्हता, तरी सरकला. मी उठून दूर गेले. तो शून्यावर आला. पुन्हा बसले, पुन्हा सरकला.

"तुझ्या अंगावर लोखंड आहे," सर म्हणाले.

"नाही सर. सगळं तबकात आहे."

"सुई खोटं बोलत नाही."

माझे कान तापले. मी व्हरांड्याच्या टोकाच्या न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि सगळे कपडे चाचपले. परकराच्या नेफ्यात, नाडीच्या गाठीलगत काहीतरी टोचलं. दातांनी टाका तोडला. आत हळद लावलेल्या चिंधीत बोटाच्या पेराएवढा खिळा होता. दृष्ट लागू नये म्हणून. आई रोज संध्याकाळी तो दुसऱ्या दिवशीच्या परकरात हलवत होती आणि मी तबकात सेफ्टीपिना टाकत होते!

खिडकीतून तो खिळा फेकून द्यावा आणि केसांत एक आकडा राहिला होता म्हणून सांगावं, असं मनात आलं. खरं सांगितलं तर मुलं आयुष्यभर हसली असती. पण ते म्हणजे आईलाच लपवणं झालं असतं. मी तळहातावर खिळा घेऊन आत गेले आणि सगळं सांगून टाकलं.

कुणी हसलं नाही. सरांनी खिळा सुईजवळ नेला, ठिपका पट्टीबाहेर गेला. "तबकात ठेव, संध्याकाळी घरी ने," ते म्हणाले. "आता सुरू कर." मी सुरू केलं. शेवटच्या आकड्यापर्यंत ठिपका जिथं असायला हवा तिथंच होता. ट्रेनिंग संपलं त्या दिवशी सर अप्पांना भेटायला आले. त्या आवणीत आमच्या घरी लग्न झालं नाही.

पण मला आठवते ती खिळा सापडला ती संध्याकाळ. मी तो आईसमोर आपटला आणि तोंडाला येईल ते बोलले. ती खाली बसली आणि आमच्या घरच्या दक्षिणी मराठीत म्हणाली,

"अय्यो. अस्कं माझ्यामुळंच कीं?"

"हो, सगळं."

"आतां उद्या कांहीं नसतां जाणार तूं?"

"तिथं लोखंड चालत नाही, आई."

तिनं खिळा उचलला, स्वतःच्या पदराच्या टोकात बांधला आणि गाठ घट्ट ओढली. "तुझ्यापाशी नको तर नको. माझ्यापाशी असूं दे."

उरलेले सगळे दिवस, सकाळी मी निघाले की ती तशीच गाठ बांधायची. संध्याकाळी मी मांबलम स्टेशनवरून चालत घरी यायची. आई दारातच उभी असायची. मी पायरी चढून आत आले की मगच ती गाठ सोडायची.