गोळीनं नेलेला राग

माझ्या नवऱ्याचा राग गेला तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते.

खरंच वाटले. थोरल्या जाऊबाईंनी. "अटॅकनं का होईना, माणूस सुधरला," म्हणाल्या.

आज यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फोन वाजतोय, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. म्हणून इथं लिहितेय.

ज्यांनी मेहकरचं आमचं कृषी केंद्र पाहिलंय त्यांना यांचा आवाज माहीत आहे. गिऱ्हाईक म्हणालं, "तीन औषधं एकाच पंपात टाकतो, फवारणी एकदाच होते," की यांचा हात काउंटरवर आपटलाच.

"पीक जाळतं काय बे? नाही देत मी, जाय!"

आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या बाजाराला परत यायचं.

मग अटॅक आला. स्टेंट टाकला. पिशवीभर गोळ्या घेऊन घरी आले.

आणि शांत झाले.

भाजीत मीठ जास्त, गप्प. लाईट गेली, गप्प. पोरीनं न विचारता नोकरी सोडली, तरी नुसतं "बरं."

सगळे खूश! घरात हुकूमच निघाला होता ना, हार्ट पेशंटला टेन्शन द्यायचं नाही. काही सांगायचं नाही, काही विचारायचं नाही. भेटायला येणारे सफरचंदं ठेवायचे, हसायचे आणि सटकायचे.

मग यांनीही आम्हाला काही सांगितलं नाही. आम्हाला टेन्शन नको म्हणून.

मला काही करमेना. जाऊबाई मलाच म्हणाल्या, "नशीब समज बाई. एवढे वर्सं बोलणे खाल्ले ना त्याईचे?"

एक दिवस मी दुकानात बसले होते. एकानं तीन बाटल्या मागितल्या, एकत्र मारायच्या म्हणाला. यांनी मान वर केली नाही. बाटल्या काढून दिल्या.

मी उठून त्या परत घेतल्या.

"अहो, काय झालं तुम्हाले?"

"झोप नाही लागून राह्यली. लागली त भलतेच सपनं पडतेत. कशातच मन नाही. ह्या गोळ्याच बंद करून पाह्यतो."

"खबरदार! डॉक्टरले इचारल्याबिगर एकही बंद नाही."

ओढतच नेलं डॉक्टरांकडे. ईसीजी छान, बीपी छान. "काही त्रास?" "नाही." झालं, हे उठायला लागले.

मी म्हटलं, "साहेब, हे भांडत नाहीत."

डॉक्टर हसले. मग यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा बसवलं. झोप कशी आहे? भूक? जगावंसं वाटतं का?

शेवटच्या प्रश्नाला हे खिडकीकडे बघत राहिले.

डॉक्टर म्हणाले, नाडी हळू करणाऱ्या गोळीनं काहींना असं होऊ शकतं, थकवा येतो, वाईट स्वप्नं पडतात. अटॅकनंतर मन आपोआपही खचतं. नेमकं कशानं, हे सांगता येत नाही. पण ती गोळी एकदम बंद करणं धोक्याचं. त्यांनी ती हळूहळू कमी करत बदलली आणि मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवलं.

आणि काही आठवड्यांनी यांनी वरणावरून ताट सरकवलं, माझ्यावर ओरडले. मी मोरीत जाऊन आनंदानं रडले.

पुढे वर्षभराहून जास्त आम्ही कडाकडा भांडलो. मग एका सकाळी, चहा अर्धा ठेवून, हे गेले. दुसरा अटॅक.

तेरवीच्या पंगतीत कानावर आलं. "गोळी बदलली म्हणून गेला. हिलेच लय घाई."

मी जाऊन डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, तसं नाही, हार्टच कमजोर होतं. कधी पटतं, कधी नाही. भांडी घासता घासता मध्येच हात थांबतो.

म्हणून कुणालाच न सांगितलेलं आज सांगते.

जायच्या थोडे दिवस आधी, दुकानाचं शटर ओढताना हे सहज बोलून गेले.

"तवा, गोळी बदलायच्या आधी, एक दिवस मी लोणारच्या बसमध्ये बसलो होतो. घरी परत यायचं मनात नव्हतं."

मी विचारलं, "मंग?"

"तुहा फोन आला. म्हणे मेथी आणा. वाटेत सुलतानपूरले उतरलो, मेथी घेतली अन् आलो."

तो फोन मला आठवत नाही. मेथीही आठवत नाही.

तुमच्या घरात कुणी हार्टच्या गोळ्या खाऊन शहाण्यासारखं गप्प झालं असेल, तर कौतुक करू नका. मन कसं आहे विचारा. गोळ्या आपल्या मनानं सोडू देऊ नका, डॉक्टरांना सगळं सांगा.

आणि पंगतीत बोलणाऱ्यांनो, खुशाल बोला. हा माणूस त्या बसमधूनच गेला असता. त्यानंतरचं प्रत्येक भांडण मी मिळवलेलं आहे.

अहो, आज तुमच्या फोटोला हार घातलाय. मनापासून नमस्कार.