सुरतेहून आलेली जाग

मी वाईची, सासर कडेगावजवळच्या एका खेड्यात. सासरी आम्ही बायका माजघरात ओळीनं झोपायचो: सासूबाई, थोरल्या जाऊबाई, त्यांच्या दोन मुली आणि शेवटी मी. लाइट गेली, पाऊस कोसळला, तरी ती ओळ सकाळपर्यंत हलत नसे.

सुरतेत प्लेग आल्याची बातमी रेडिओवर ऐकली आणि ती झोप गेली. थोरले भाऊजी तिथंच सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला होते. गावातल्या म्हाताऱ्यांना जुना प्लेग ठाऊक होता. आधी उंदीर मरतात, मग माणसं, असं ते सांगत. जमिनीवर निजायची भीती वाटू लागली. शेजारपाजारच्या बाजा, बाकडी मागून आणली. मुली बाजेवर गेल्या, मी बाकड्यावर. जाऊबाई तर भिंतीला टेकून बसूनच राहायच्या.

मग एका दुपारी भाऊजी एसटीनं आले. हातात पत्र्याची पेटी, दाढी वाढलेली. मामंजी फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी अंगणाच्या तोंडाशीच हात वर केला.

"तिथंच थांब. ताप हाय?"

"न्हाई आबा."

"तरी मळ्यात ऱ्हा. गावाला भ्या वाटाय नगं."

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत त्यांचं अंथरूण पडलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले, गोळ्या दिल्या. तरी मामंजी रोज उजाडताना उसाच्या बांधावर उभे राहून हाक मारायचे, "उठला का रं?" आतून "व्हय" आलं की माघारी यायचे आणि चहा मागायचे. तो चहा झाल्यावरच घरातली आम्ही बाकीची माणसं मोकळा श्वास घ्यायचो.

एके दिवशी मामंजी परतलेच नाहीत. चहा निवला. जाऊबाईंनी भाकरी फडक्यात बांधली, माझा हात धरला आणि आम्ही दोघी मळ्याकडं जवळजवळ पळतच निघालो.

खोलीचं दार उघडं होतं. भाऊजी पालथे पडलेले, आणि त्यांच्या उशाशी, अगदी खेटून, मामंजी बसलेले. टोपीनं माश्या वारत होते. जाऊबाईंच्या तोंडून हुंदका फुटला तसं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"निजलाय. हाकंला ओ दिली न्हाई म्हणून पळत आलो. आल्यापास्नं डोळा लागला नव्हता म्हणं त्याचा. गाठ आली का म्हणून सारखी काख चाचपत बसायचा. आत्ता वाईच जागा झाला, येवढं बोलला आन् परत झोपला."

"आवं, पर तुमी आत...?"

"बाप हाय मी त्येचा," ते म्हणाले.

जाऊबाई उंबऱ्यावरच बसल्या. मी विहिरीचं पाणी आणायला गेले. येऊन बघते तर चौकटीला डोकं टेकून त्याही गाढ झोपलेल्या. भाकरी मांडीवर तशीच. आम्ही कुणालाच उठवलं नाही.

साथ ओसरली. दिवाळीनंतर भाऊजी परत सुरतेला निघाले, तेव्हा जाऊबाईंनी मुलींचेही कपडे बांधले. सासूबाई नको म्हणत होत्या. जाऊबाई म्हणाल्या, "आत्याबाई, हितं ऱ्हाऊन रोज जागायचं, त्यापरीस तिथं जाऊन निजलेलं बरं."

त्या गेल्यावर माजघर फार मोठं वाटू लागलं. मी माझी वाकळ सासूबाईंच्या शेजारी ओढली. त्यांनी थोडं सरकून मला जागा करून दिली.